मोज्यातला बोल्ट

एली, मिनेसोटा
४ मे २०११

डोरीन,

उगाच लांबण लावत नाही. परवा बाबांच्या रायफलीची पेटी उघडली. आत रायफल आहे, बोल्ट नाही. काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसता नळ, एवढं तुलाही कळत असेल, बावीस वर्षं माझ्या भावाच्या घरात काढलीस.

बोल्ट तुझ्याकडेच आहे. ओइवाची सवय मला ठाऊक आहे. विमानाने जाताना तो बोल्ट काढून वेगळ्या बॅगेत टाकायचा, म्हणजे पेटी चोरीला गेली तरी चोराच्या हाती अर्धीच बंदूक लागेल. तेव्हा कपाटं उचक आणि टपालाने पाठवून दे. नुसता बोल्ट टपालवाले घेतात, मी विचारलंय.

ओइवाच्या मातीच्या दिवशी मी पेटी उचलून आणली याचा तुला राग असेल. असू दे. ती हाउताला घराण्याची बंदूक आहे आणि आता घराण्यात मी एकटाच उरलोय. बाबांनी थोरल्याला डावलून ती ओइवाला दिली, मी चकार शब्द काढला नाही. पण मरताना त्यांनी ती परत मागितली होती आणि ओइवा हात हलवत आला. त्या दिवशीच त्याचा हक्क संपला.

रेइनो

*

डेल्टा जंक्शन, अलास्का
१४ मे २०११

रेइनो भावोजी,

पत्र पोचलं. भाऊ जाऊन तीन आठवडे झाले आणि तुमच्या पत्रात त्याच्यासाठी एक ओळ नाही. नळासाठी मात्र दोन पानं!

तुम्ही 'उचलून आणली' म्हणता. आमच्याकडे त्याला चोरी म्हणतात. मी चर्चच्या तळघरात तुमच्यासकट साठ माणसांना कॉफी देत होते. तेवढ्यात तुम्ही घरी जाऊन सिनीला विचारलंत, "पापाची बंदूक कुठे असते गं?" तेरा वर्षांची पोर. काकाला बघायची असेल म्हणून तिने स्वतः पेटी काढली, स्वतः किल्ली तुमच्या हातावर ठेवली. आता ती कुणाशी बोलत नाही. "मीच दिली, मम्मी, मीच दिली," एवढंच एकदा म्हणाली.

आणि ऐका. ओइवाने तिला शब्द दिला होता, तेरा पुरी झालीस की सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला, मूस या दांडग्या हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी, आजोबांच्या रायफलीने पहिला बार तू काढायचास. चार वर्षं तो तिला शिकवत होता. सरपण फोडता फोडता अंगणात कोसळला तो, नाहीतर या घटकेला बाप-लेक नेम साधत बसले असते. ती बंदूक सिनीची आहे.

बोल्ट माझ्याकडे आहे, हो. ओइवाच्या राखाडी लोकरी मोज्यात आहे आणि तिथेच राहील.

एक मात्र मला कळत नाही. विमानतळावर काउंटरपाशी बंदूक जाहीर करताना नारिंगी चिठ्ठीवर तुम्ही सही केलीत ना, की ही बंदूक रिकामी आहे? न उघडताच केलीत! उघडली असती तर बोल्ट नाही हे तिथेच दिसलं असतं. पन्नास-पंचावन्न वर्षं शिकार करणारा माणूस बंदूक उघडून बघत नाही आणि ती रिकामी आहे म्हणून सही ठोकतो. चोराला घाई असते, दुसरं काय.

रायफल परत आणा. टपालवाले तुमच्या-माझ्याकडून रायफल घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. जशी नेलीत तशीच आणायची, स्वतः, विमानाने, सही करून.

डोरीन

*

एली
२९ मे २०११

डोरीन,

चोर म्हणालीस. वाचलं. तुझ्या जागी कुणा पुरुषाने तोंडावर म्हटलं असतं तर काय झालं असतं ते सोड.

बंदूकवाल्याकडे जाऊन आलो. त्याच्याकडे तसले बोल्ट ढिगाने पडलेत, पण म्हणाला, "या नळीला तिचाच बोल्ट हवा, दुसरा घालशील तर तोंडावर फुटेल." म्हणून पुन्हा लिहितोय, नाहीतर तुला एक ओळही लिहिली नसती.

तुला बाबांचं शेवटचं माहीत नाही, म्हणून एवढी जीभ चालते. मी सांगतो. २००४ चा ऑक्टोबर. चार दिवस ते इस्पितळात होते आणि चार दिवस त्यांचे डोळे दाराकडे. कुणीही आत आलं की विचारायचे, "आणली का?" मी ओइवाला फोन केला होता, म्हातारा बंदूक मागतोय, घेऊन ये. "उद्या निघतो," म्हणाला. बाबांनी ती का मागितली असेल? शेवटी तरी थोरल्याच्या हातात द्यायला, आणखी कशाला! पंधरा तारखेच्या पहाटे ते गेले. ओइवा सोळाला उगवला. हात खिशात. बंदूक नाही, काही नाही. मी विचारलं, "कुठे आहे?" तर म्हणतो, "विमान चुकलं." बास. एवढंच. बापाच्या मढ्यासमोर विमान चुकलं! भीती वाटली असेल, एकदा इकडे आणली की रेइनो ठेवून घेईल. बापाची शेवटची इच्छा त्याने त्या भीतीपायी मारली.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. आणि चुकलो असं मला वाटत नाही.

पोरीला शिकारच करायची तर कुठलीही बंदूक चालते. माझ्याकडे सशाची एक जुनी आहे, हवी तर देतो. बोल्ट पाठव.

रेइनो

*

डेल्टा जंक्शन
११ जून २०११

भावोजी,

सशाची बंदूक तुमच्यापाशीच ठेवा. इकडे मूस घोड्याएवढा असतो आणि एक पडला तर आमचा हिवाळा निघतो.

मढ्यासमोर विमान चुकलं, म्हणे. सात वर्षं हे एकच वाक्य तुम्ही चघळत बसलात! चघळून चोथा झाला तरी थुंकवत नाही. सात वर्षांत एकदा फोन उचलून विचारावंसं वाटलं नाही, की का रे बाबा, कसं काय चुकलं?

मला माहीत आहे कसं चुकलं. पण ओइवाने मला शपथ घातली होती, रेइनोला कधी सांगायचं नाही. मी म्हणायची, अरे सांग, निदान भाऊ तरी परत मिळेल. तर मान हलवायचा आणि बाहेर जाऊन सरपण फोडायचा. बोलायच्या वेळी गप्प बसणं हा तुमच्या घराण्याचा रोगच आहे.

तेव्हा मी सांगत नाही, तुम्ही बघा. पेटीतला फोम उचला. तळाशी नारिंगी चिठ्ठ्या असतील. प्रत्येक प्रवासाची चिठ्ठी ओइवा जपून ठेवायचा, तारखेसकट. मोजा आणि तारखा वाचा. वाचता येतं ना अजून?

डोरीन

*

एली
२५ जून २०११

डोरीन,

वाचता येतं.

पंधरा चिठ्ठ्या निघाल्या. चौदा तर नोव्हेंबरच्या. दरवर्षी तो हरणाच्या शिकारीला इकडे यायचा त्यांच्या. पंधरावी १४ ऑक्टोबर २००४ ची. खाली ओइवाची सही.

म्हणजे मी समजत होतो त्याहून वाईट निघालं. मला वाटायचं, तो बंदूक घेऊन घरातून निघालाच नाही. आता कळलं की काउंटरपर्यंत गेला, सहीसुद्धा केली आणि तिथून मागे फिरला. बाप इकडे श्वास मोजतोय आणि हा तिकडे पेटी काखोटीला मारून घरी! शंभर मैल गाडी हाकत परत गेला, पण विमानात बसला नाही. शाबास! तू मला पुरावा दाखवायला निघालीस आणि माझंच म्हणणं खरं केलंस.

आता माझा निर्णय ऐक. बोल्ट नको मला. ठेव मोज्यात आणि मोजा उशाशी घेऊन झोप. फिनलंडहून आलेल्या आपल्या लोकांचं इथे सभागृह आहे, त्याची भिंत रिकामी आहे. बाबांनी ते सभागृह बांधायला लाकूड वाहिलं होतं. श्रमदिनाच्या जेवणाला, सप्टेंबरात, रायफल तिथे कायमची ठोकून टाकतो. नळ तर नळ. तुलाही नको, मलाही नको.

रेइनो

*

डेल्टा जंक्शन
८ जुलै २०११

भावोजी,

पत्राबरोबर एक पार्सल आहे. बोल्ट असेल म्हणून घाईने फाडाल. बोल्ट नाही.

लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट आहे. ओळखा. १९८९ साली ओइवा अलास्काला निघाला तेव्हा बसपाशी तुम्ही स्वतःच्या अंगातून काढून त्याच्या अंगात घातला होता. "तिकडे गारठून मरशील, गाढवा," म्हणाला होतात. ही गोष्ट मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकली आहे. सणासुदीला दोन घोट पोटात गेले की हमखास निघायची.

भिंतीला खिळा ठोकायच्या आधी डाव्या खिशात हात घाला. तळाला भोक आहे. बोट घाला, आत अस्तरात जातं. उजव्या खिशात एक कागद आहे. मी त्याची शपथ मोडतेय. मेल्या माणसाची शपथ मोडायचं पाप तुमच्यामुळे माझ्या माथी येतंय, तेही लिहून ठेवा.

हा कोट तो रानात घालायचा, विमानात कधीच नाही. त्या एका दिवशी मुद्दाम घातला. "म्हाताऱ्याला दिसत नाही फारसं, पण या चौकड्या ओळखेल, रेइनोही खूश होईल," म्हणाला. पहाटे निघाला. काउंटरपाशी रायफल जाहीर केली, कुलपं लावली, काडतुसं खोक्यात, वजन पाच किलोच्या आत, सगळं चोख. पेटी पुढे गेली. मग तपासणीच्या पट्ट्यावर त्याने कोट काढून ठेवला आणि यंत्रात अस्तरातलं एक काडतूस दिसलं. सुटं. अंगावरच्या कोटात.

त्यांनी त्याला बाजूला घेतलं, पोलीस बोलावले. त्यांचं कामच आहे ते, दुसरं काय करतील. चार तास एका खोलीत. तो सांगत होता, माझा बाप मरतोय, मला जाऊ द्या. विमान गेलं, पेटी उतरवून ठेवली. पुढची जागा सोळा तारखेची. पंधराला तुमचा फोन आला, बाबा गेले. मी म्हटलं, रायफल तरी ने. तर म्हणाला, "आता कुणाच्या हातात देऊ?"

म्हणून तो हात खिशात घालून आला, भावोजी. त्या हातांचं काय करावं तेच त्याला कळत नव्हतं.

आता कागद वाचा. पोलिसांनी दिलेला आहे. काडतुसाचं माप लिहिलंय त्यावर. आमच्या घरात त्या मापाची बंदूक कधीच नव्हती.

डोरीन

*

डेल्टा जंक्शन
१० ऑगस्ट २०११

भावोजी,

महिना उलटला. पार्सल पोचलंय, टपालवाल्याने तुमची सही दाखवली. आणि तुम्ही गप्प. म्हटलं होतं ना, घराण्याचा रोग.

शेजारच्या टर्मनने सिनीला त्याची रायफल देऊ केली. भला माणूस आहे. तिने हात जोडून परत केली. "काका आणेल," म्हणाली. मी म्हटलं, नाही आणणार गं, त्याने भिंतीसाठी खिळा आणलाय. तर म्हणते, "किल्ली मी दिली होती ना, मग आणेल." असल्या वेड्या पोरीला मी काय समजावू? तुम्हीच दोन ओळी लिहा, येत नाही म्हणून. निदान तेवढं तरी तोंड उघडा. तिची वाट बघणं मला बघवत नाही. एकाला दाराकडे बघत मेलेलं तुम्ही पाहिलंय, तेव्हा वाट बघणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

डोरीन

*

दुलुथ विमानतळ
२७ ऑगस्ट २०११

डोरीन,

हे पत्र टपालात टाकणार नाही, तुझ्या हातात देईन. माझ्या तोंडून निघणार नाही म्हणून लिहितोय. समोर उभा राहीन तेव्हा मला काही विचारू नकोस, हेच वाच.

बाकावर बसलोय. पेटी आतल्या खोलीत तपासायला नेली. काउंटरवरची बाई म्हणाली, "किल्ली तुमच्याच हातात ठेवा आणि बोलावेपर्यंत इथून हलू नका." किल्ली मुठीत आहे. पाऊण तास झाला.

कागदावर लिहिलंय, 'एक काडतूस, थर्टी-थर्टी'. ओइवाच्या रायफलीत ते बसतच नाही. आमच्या सगळ्या घराण्यात थर्टी-थर्टी एकच, माझी. काडतुसं खिशात सुटी टाकायची खोडही माझीच. बाबा जन्मभर ओरडले, "रेइनो, काडतुसाची जागा खोक्यात, खिशात नाही." डाव्या खिशात. मी डावखुरा आहे. भोक पण माझंच, लग्नाच्या आधीपासूनचं. बायको शिवून देते म्हणायची, मी म्हणायचो राहू दे.

म्हणजे बाबांना दाराकडे बघत मी ठेवलं. ओइवाने नाही, मी. आणि त्या पोराला पोलिसांसमोर ते काडतूस बघताक्षणी कळलं असणार की हे रेइनोचं. सोळा तारखेला तो माझ्यासमोर उभा होता, मी त्याला भेकड म्हणालो, बापाचा मारेकरी म्हणालो. हे तुला मागे लिहिलं नव्हतं, पण म्हणालो होतो. तो एकच वाक्य बोलला असता, "तुझं काडतूस होतं," तर मीच मेलो असतो तिथे. नाही बोलला. सात वर्षं नाही बोलला. माझ्यावर येऊ नये म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसला, गाढव.

महिनाभर मी काय करत होतो विचारशील. पहिले दहा दिवस तुझ्यावर चिडलो होतो. खोटं सांगत नाही. मग कोट घेऊन बसलो. सगळं अस्तर उसवलं. आणखी एक निघालं, अगदी पाठीच्या शिवणीत, हिरवं पडलेलं. ते तळ्यात फेकलं. मग खिसा शिवला. शिवण वेडीवाकडी आहे, हसू नकोस.

आज तोच कोट घातलाय. तपासणीआधी चार वेळा सगळे खिसे उलटे केले. काउंटरवरची बाई म्हणाली, "आजोबा, काही हरवलं का?" मग विचारलं, "बंदूक रिकामी आहे?" या वेळी मी उघडून दाखवली. म्हटलं, "बोल्टच नाही. भावजयीने ठेवून घेतलाय." ती म्हणाली, "शहाणी दिसते." मी हो म्हणालो.

माफी मागायला येत नाहीये. ज्याची मागायची तो गेला. सिनीची किल्ली तिला परत द्यायला येतोय. बोलावतायत, उठतो.

रेइनो

*

डेल्टा जंक्शन
२४ सप्टेंबर २०११

भावोजी,

तुम्ही आठ दिवस राहिलात आणि मोजून वीस वाक्यं बोललात. त्यांतली बारा कुत्र्याशी. सौना, ती वाफेची न्हाणी, मात्र रोज तापवलीत, सरपणाची थप्पी लावलीत, त्याबद्दल बरं वाटलं. कॉफी तुम्हाला फार कडक लागते, पुढच्या वेळी स्वतः करून घ्या.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि रडले, पण माफ केलं नाही. चर्चच्या तळघरातली ती कॉफी आठवली की अजून संताप होतो.

पण सिनीने दार उघडलं, तुम्ही 'हॅलो' न म्हणता तिच्या हातावर किल्ली ठेवलीत आणि तिने वर बघून "मम्मी, मोजा आण" म्हणून हाक मारली. ते मी पाहिलंय, ते खोटं कसं म्हणू? शिकारीच्या दुसऱ्या दिवशी तिने मूस पाडला तेव्हा तुम्ही झाडाकडे तोंड करून कितीतरी वेळ उभे होतात, तेही पाहिलंय. फ्रीजरमध्ये जागा उरली नाही, निम्मं मांस टर्मनकडे ठेवलंय.

आता पार्सलबद्दल. या वेळी घाईने फाडलंत तर चालेल. आत ओइवाचा राखाडी मोजा आहे आणि मोज्यात बोल्ट. जोडीतला दुसरा मोजा इथेच खुंटीला आहे. हे सिनीचं डोकं, माझं नव्हे. ती म्हणते, पापा नेहमी बंदूक एकीकडे आणि बोल्ट दुसरीकडे ठेवायचा, म्हणजे कुणा एकाला पळवता येत नाही. तर रायफल इकडे राहील आणि बोल्ट तुमच्याकडे.

पुढल्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला शिकार उघडते. दोन दिवस आधी या. तुम्ही आला नाहीत तर आमच्याकडे नुसता नळ आहे आणि हिवाळाभर आम्ही सशावर काढू. टपालाने परत पाठवलात तर पोरगी घेणार नाही, आधीच सांगून ठेवते.

बोल्ट हातातल्या बॅगेत घालू नका, पकडतील. सामानात टाका. आणि निघण्याआधी खिसे बघा.

डोरीन